सोबत फोटो जोडला आहे

तिकीट क्रमांक एक्केचाळीसशे सत्तावीस.
वेसाव्याहून, मच्छीमार सोसायटीच्या बर्फखात्यातून
कारकून जयेंद्र भानजी लिहितात:
बिलावर बाईंचं नाव मोडतंय.
सोबत फोटो जोडला आहे.

एजंटने उत्तर दिलं, चार सेकंदांत, अदबीने:
"द्वारका हिराजी चिंचय. नाव योग्य दिसते आहे."

दिसते आहे, म्हणाला.
त्याला दिसत नव्हतं काहीच.
त्याच्यापर्यंत पोचत होती फक्त अक्षरं,
आणि अक्षरं आमच्या कोठारात धडधाकट होती.
मोडत होती ती काचेवर,
एका स्वस्त फोनच्या, एका अर्धवट फॉन्टच्या पोटात.

भानजींनी पुन्हा लिहिलं. फोटो बघा की हो.
तिसऱ्यांदा नुसतंच: फोटो.
एजंट तिन्ही वेळा आभारी होता.

मी गोरेगावात, सातव्या मजल्यावर,
एसी बंद झाल्यावरच्या त्या शांततेत
लिहायला घेतलं ते अवजार तसं किरकोळ:
तिकीट उघड, चित्राचा पत्ता शोध,
फाटकावर परवाना दाखव,
पत्ता पाच मिनिटांत शिळा होतो, त्याआधी चित्र उचल
आणि याच्या पुढ्यात ठेव.
सत्तर ओळी. त्यातल्या तीस
फाटकाशी हुज्जत घालण्यात गेल्या,
आमचे तावडेकाका कुरियरवाल्याला अडवतात तशी:
कोणाकडे, कशाला, इथे सही करा.

रात्री दोनला त्याने पहिल्यांदा पाहिलं.

"प्रतिमेत एका फोनचा पडदा, दुसऱ्या फोनने टिपलेला.
पडद्यावर आडव्या लाटा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.
'द' आणि 'वारका' सुटे पडले आहेत.
मध्ये टिंबांचं एक रिकामं वर्तुळ.
कडेला अंगठा. नखाशी चंदेरी ठिपका, बहुधा धूळ."

धूळ नाही रे, खवलं आहे ते.
माझ्या आईच्या मनगटावर रविवारी संध्याकाळपर्यंत
असंच एखादं राहून जायचं.
त्याला सांगितलं नाही.
दुरुस्तीला त्याची गरज नव्हती.

मी त्या वर्तुळाकडे बघत बसले.
अक्षर यायचं होतं आणि आलं नाही
तर यंत्र तिथे टिंबांचं कडं आखून ठेवतं,
पंगतीला न पोचलेल्या माणसाचं
पान मांडून ठेवावं तसं.
तीन महिने ही बाई बिल घेऊन खिडकीशी उभी राहते,
'द' उंबऱ्याबाहेर, 'वारका' आत,
आणि आतला माणूस म्हणतो, नाव जुळत नाही,
सवलत पुढच्या खेपेला.

मग दिसलं, फोटोत आणखीही आहे.
मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेली उधारी, नावांसकट.
कुणाचं तरी उघडं पासबुक.
पडद्याच्या काळ्या पट्टीत एक पुसट चेहरा,
वाकून बघणारा.
हे कोणी जोडलं नव्हतं, आपसूक आलं होतं,
आणि माझं अवजार आल्या-गेल्याला आत घेत होतं.
एक ओळ वाढवली: काम झालं की चित्र टाकून दे.
ती पाळली जाते का, हे बघण्यात आणखी दोन रात्री गेल्या.
पहिल्या रात्री पाळली जात नव्हती.

दुरुस्ती मंगळवारी गेली.
फॉन्ट बदलायचं त्यानेच सुचवलं, हेही सांगायला हवं.

शुक्रवारी त्याच तिकिटावर एक फोटो. मजकूर नाही.
ओल्या ओट्यावर छापील बिल, बर्फाचा चुरा,
द्वारका, अखंड,
आणि कडेला तोच अंगठा,
यावेळी स्वच्छ धुतलेला.

एजंटने चार सेकंदांत लिहिलं:
"या प्रतिमेत मला कोणतीही समस्या आढळत नाही.
कृपया आपली अडचण सविस्तर सांगावी."